सहावा दगड

दत्तक घेतलेल्या पोरीनं आयुष्यभर उपकाराखाली वाकून चालावं, अशी आमच्या गावाची फार इच्छा होती. मला ते कधी जमलं नाही. मला आईबाप हवे होते, त्यांना लेकरू हवं होतं, फिट्टंफाट. नळदुर्गच्या अलीकडं हायवेवरच्या ढाब्यांच्या भिंतींवर जे मोर, बैलजोड्या आणि मिशाळ ड्रायव्हर दिसतात, ते मी काढलेले आहेत. बाईमाणूस शिडीवर चढून भिंती रंगवते म्हणून नावं ठेवणारेही भरपूर आहेत. त्यांना म्हणावं, मान दुखेपर्यंत बघा.

सात वर्षांची होईपर्यंत मी बालगृहात होते. तिथं कुणी उपाशी ठेवलं नाही, मारलंही नाही. पण माझं म्हणावं असं काहीच नव्हतं. फ्रॉकसुद्धा धुऊन आला की जिच्या हाती पडेल तिचा. म्हणून मी न्हाणीमागच्या भिंतीवर कोळशानं माणसं काढायची. ती तेवढी माझी. कुणी मोठे पाहुणे येणार असले की भिंतीला चुना मारायचे आणि माझी माणसं जायची.

माझा डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक आहे. दोन जोडपी मला बघून गेली ती परत फिरकली नाहीत. त्यातल्या एका बाईनं माझ्यासमोरच विचारलं होतं, डोळ्यात काही दोष आहे का म्हणून. तिसरे आले ते हे माझे आईबाप. यांनी विचारलं, ‘जेवायला काय आवडतं गं तुला?’

त्याच थंडीत माझी पहिली येळवस आली. त्या अमावास्येला आमच्याकडं गावं ओस पडतात. सगळी माणसं रानात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड मांडायचे. ते पाच पांडव. घरच्या लेकरानं त्यांना चुना आणि काव लावायची, मग ताकातली आंबील आणि बाजरीचे उंडे यांचा निवद. वडिलांनी, त्यांना मी दादा म्हणते, चुन्याची वाटी माझ्या हातात दिली.

चुना म्हणजे पुसणं, एवढंच मला ठाऊक. दगड पांढरेफटक झाले आणि मला राहवेना. कडब्याची काडी तांबड्या कावेत बुडवून मी पाचही जणांना डोळे काढले. मग बांधावरचा एक छोटा दगड आणला, त्यालाही रंगवलं, डोळे काढले आणि शेजारी बसवला. पाच भाऊ होते, मला वाटलं एक बहीण असावी.

दादांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणतं, खोपीत वाकले.

‘आरं ह्ये काय? पाचाचं सहा कुणी केलं?’

त्यांनी बोटानंच सगळ्या डोळ्यांवर चुना फिरवला आणि सहावा दगड बांधापलीकडं भिरकावला.

‘रक्ताची असती तर न सांगता कळलं असतं.’

दादा खाली बघत चुन्याची वाटी पुसायला लागले. आई आंबिलीचं मडकं घेऊन बसली. मी रडले नाही. मला राग आला होता. तो अजून आहे, आणि असू दे.

घरी आल्यावर आईनं आंबिलीच्या रिकाम्या मडक्यातून तो दगड काढला. कधी उचलून आणला होता कुणास ठाऊक.

‘धर. आन् ही भिंत बघ. काढ काय काढायचं ते. हितं कुणी चुना मारायचा न्हाय.’

मी काढत सुटले. चुलीमागं, कणगीवर, पाण्याच्या टाकीवर. सकाळी डोळे उघडले की आधी कालची चित्रं जागेवर आहेत का ते बघायची. असायची. भिंती भरत गेल्या तशी मी झोपेतून दचकून उठायची थांबले. हे घर माझं आहे असं मला पुष्कळांनी सांगितलं होतं. पटवलं ते त्या न पुसलेल्या भिंतींनी.

येळवशीचे दगड मात्र दादाच रंगवत राहिले, चुना आणि काव लावलेले, पण डोळ्यांविना. अण्णांपुढं आमच्या घरात कुणाचं चालत नाही. यंदा दादांचा हात थरथरायला लागला. खोपीत त्यांनी वाटी माझ्यापुढं केली.

‘थांब,’ अण्णा म्हणाले आणि पुण्याहून आलेल्या आपल्या मुलाला हाक मारली. ‘भुईच्या देवाला रक्ताचाच हात लागावा.’

मुलगा बिचारा नवे बूट सांभाळत बांधावर उभा. पुढं यायची त्याला काडीची हौस नव्हती. मी वाटी घट्ट धरली.

‘अण्णा, तुमी दरसाल ह्यांच्या पाया पडता. मग सांगा, ह्या पाचातला बापाच्या रक्ताचा कोण हाय?’

पांडवांच्या जन्माची कथा अण्णांनी देवळात इतक्यांदा ऐकलेली की झोपेतही सांगतील.

‘एकबी न्हाय,’ खोपीबाहेरून आई म्हणाली. ‘पाचीबी देवाची लेकरं. बापानं आपली म्हणली, म्हणून बापाची.’ इतकी वर्षं पोटात धरलेलं वाक्य असावं. एका दमात बाहेर पडलं.

मी पाचही दगडांना चुना लावला. काडी कावेत बुडवून डोळे काढले, मोठे, टक्क उघडे. मग पिशवीतून तो जुना दगड काढला, रंगवला आणि पाचांच्या रांगेत बसवला.

‘ही बहीण,’ मी म्हणाले. ‘टाका, अण्णा, पुन्हा बांधापलीकडं. मी पुन्हा आणीन.’

अण्णा गुडघ्यावर हात टेकून वाकले. त्यांनी तो सहावा दगड जवळून निरखला.

‘हिचा डावा डोळा बारीक झालाय,’ ते म्हणाले. ‘नीट कर.’

‘नीटच हाय,’ मी म्हणाले आणि वाटी खाली ठेवली.