भिवाआबांची टोपली

भिवाआबा रोज सकाळी काठीवर टोपली चढवायचे आणि मग कानामागे पंजा धरून समुद्राकडे बघत उभे राहायचे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, देवबागच्या टोकाला, पौषातल्या धुक्यात. "कशाची वाट बघता, आबा?" असं विचारलं, तर मान न वळवता म्हणाले, "जबाबाची." मी बंदर कचेरीतला नवा कारकून होतो आणि माझ्या खिशात त्यांची टोपली बंद करण्याचा हुकूम होता.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि दर पावसाळ्यात तो जागा बदलतो. म्हणून टोकावर दोन काठ्या रोवलेल्या. जुनी रीत अशी, की ज्या काठीवर डांबर फासलेली टोपली, त्या बाजूने होडी आत घ्यायची. धुकं असलं तर होडीचा तांडेल शंख फुंकायचा. एकदा फुंकला म्हणजे टोपली दिसली, येतो. तीनदा फुंकला म्हणजे दिसत नाही, बाहेर थांबलोय. कचेरीची नवी रीत नेमकी उलटी होती. ज्या काठीवर लाल निशाण, तिकडे फिरकू नका.

आबांनी निशाण मुकाट्याने लावलं, पण टोपली काही उतरवली नाही.

"नवी खूण लावा, माजी ना नाय," ते म्हणाले. "पण जेका ठावक नाय, तेका बुडवून नको."

"मग जुनी कधीपर्यंत ठेवायची? मला मुदत सांगा." कचेरीला कशाचीही तारीख लागते.

त्यांनी टोपलीची दोरी पुढे केली. तिच्यात वीसेक शिंपले ओवले होते, प्रत्येक होडीमागे एक. तांडेलाने स्वतः येऊन नवी खूण कळली म्हणून सांगायचं, मग त्याचा शिंपला सुटायचा. "शेवटचो शिंपलो सुटलो की टोपली चुलीत घाल," आबा म्हणाले. मला हसू आलं होतं. पण होळीपर्यंत शिंपले भराभर सुटले. एकच उरला.

तो त्यांच्या धाकट्या भावाचा, पांडूचा. मंगळूरहून कौलं आणायला गेलेली त्याची होडी नवा हुकूम येण्याआधीच निघाली होती. तिचा पत्ता नव्हता. वस्तीने त्याची आशा सोडली होती. "तेका मीच शिकयलंय," आबा पुन्हापुन्हा सांगायचे. "टोपली दिसल्याशिवाय आत येव नको, काय झाला तरी भायर ऱ्हव. माज्या शब्दाभायर तो कधी गेलो नाय."

मी कचेरीला 'काम चालू आहे' असं दोनदा कळवलं. ती माझी दया नव्हती, आळस होता. एका सकाळी मी त्यांच्याशेजारी उभा असताना धुक्यातून शंख वाजला. एकदाच, खोल, फार लांबून. "इलो जबाब," आबा म्हणाले. कोणाची होडी, असं विचारल्यावर त्यांनी मागे बोट दाखवलं. "आपल्यो सगळ्यो होड्यो काठार आसत." मी वळून मोजल्या. खरंच सगळ्या वाळूवर ओढून ठेवलेल्या होत्या. त्यानंतर एकट्याने टोकावर जायची मला भीती वाटू लागली.

पुढच्या मार्गशीर्षात मुंबईकडची एक लाँच आली. तिच्या माणसांना टोपलीची रीत कुठून ठाऊक असणार? एका काठीवर निशाण, दुसरीवर काळं काहीतरी, म्हणजे दोन्ही वाटा बंद, असं समजून त्यांनी लाँच वळवली आणि ती दांड्यावर चढली. एका खलाशाचा पाय मोडला. त्याला पाण्यातून ओढून काढलं ते आबांनीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कागद बाहेर काढायच्या आत त्यांनी टोपली उतरवली.

"जित्याचो पाय मोडून मेलल्याची वाट बघूची न्हय," ते म्हणाले. पांडूला त्यांनी मेलेला म्हटलं ते तेव्हा पहिल्यांदा.

थोड्या वेळाने शंख वाजला. तीनदा. मध्ये थांबून पुन्हा तीनदा. आबा समुद्राकडे पाठ करून बसले होते, दोरी मुठीत घट्ट धरून.

"आयकलंस रे झिला?"

मी ऐकलं होतं. पण खिशात हुकूम होता आणि पोटात भीती. "नाही आबा, काहीच नाही."

"म्हातारपणाचे कान," असं म्हणून त्यांनी मूठ उघडली.

त्यानंतर ते टोकावर आले नाहीत. कानात कापूस घालून ओटीवर बसून राहायचे. पावसाळ्याच्या आधी गेले.

पुढच्या पौषात मी त्यांच्या सुनेकडून टोपली मागून घेतली. धुक्यात शंख चालूच होता, तीनदा, मग पुन्हा तीनदा. त्या दिवशी कुठलीही लाँच येणार नव्हती, याची मी आधी खात्री करून घेतली होती. टोपली काठीवर चढवली आणि नकळत माझा पंजा कानामागे गेला.

शंख एकदाच वाजला. मग पाणी कापत काहीतरी जड अगदी माझ्याजवळून गेलं आणि खाडीत शिरलं. धुकं निवळलं तेव्हा पाण्यावर काहीच नव्हतं.

मी शेवटचा शिंपला सोडला आणि टोपली सुनेकडे नेऊन दिली. तिने ती काही न विचारता चुलीत घातली. तो शंख त्यानंतर कोणी ऐकलेला नाही. आबांनी विचारलं त्या सकाळी मी खरं बोललो असतो, तर पांडूला आत घ्यायला त्याचा भाऊ उभा असता.