दाजींचा आजीवन परवाना

अख्ख्या परभणी जिल्ह्यात कायद्याने दारू प्यायला पूर्ण मोकळा असलेला माणूस एकच, आमचे दाजी. आणि त्यांनी आजवर एक थेंबही घेतलेला नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पेशाने वकील. बारमालकांचे परवाने काढायचे, दर मार्चला त्यांचं नूतनीकरण करायचं, कुणाला उत्पादन शुल्क खात्याची नोटीस आली की उत्तर लिहायचं, एवढीच त्यांची वकिली. आपल्याकडे दारू विकायलाच नव्हे, प्यायलाही परवाना लागतो, हे पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. दाजींना मात्र कलमासकट पाठ. अशिलाच्या बारमध्ये पाय ठेवायचा तर आपला कागद पक्का हवा, म्हणून त्यांनी स्वतःचा आजीवन परवाना काढला आणि बैठकीत देवांच्या तसबिरींशेजारी फ्रेम करून लावला. बारमध्ये बसून पितात काय, तर ताक! गंगाखेडच्या एका मालकाने त्यांच्यासाठी फ्रिजात ताकाचा तांब्या वेगळा ठेवलाय. देवळात गेले तरी हात जोडून झाले की पायरीपासून जवळच्या दारूच्या दुकानापर्यंत पावलं मोजतात, अंतर नियमात बसतं का ते बघायला. चुडाव्याला एका वरातीत झिंगून नाचणाऱ्या पोरांना त्यांनी अडवलं, "परवाना हाय का रे?" सगळी वरात पांगली. नवरदेवाच्या घोड्याबरोबर बँडवाले आणि दाजी एवढेच उरले.

मागल्या वर्षी माझ्या भाचीला, सुमीला, राणीसावरगावचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक, आणि सुमीला तो मनापासून आवडलेला. त्याचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, दारूचं नाव निघालं तरी चूळ भरणारे. ताईनं दाजींना विनवलं, "एक दिवस ती फ्रेम काढा हो."

"खरा कागद लपवायचा? जमणार न्हाई."

मग मीच गुपचूप त्यावर कॅलेंडर टांगलं. पाहुणे आले, पोहे झाले, आणि दाजींनी उठून कॅलेंडर बाजूला सारलं.

मुख्याध्यापकांनी चष्मा लावून वाचलं. "आजीवन? म्हंजे मरेपर्यंत घेणार म्हणता?"

"मी घेत न्हाई."

"कशावरून?"

दाजी जन्मात पहिल्यांदा अडकले. पिण्याचा परवाना मिळतो, न पिण्याचा दाखला कुठलंच खातं देत नाही. स्वयंपाकघराच्या दारात सुमी चहाचा ट्रे घेऊन उभी होती, चेहरा पांढराफटक. तिच्याकडे बघत दाजी पुटपुटले, "माझ्याजवळ कागद न्हाई," आणि फ्रेम खिळ्यावरून काढू लागले. एरवी मी त्यांना हसतो, पण त्या क्षणी मला त्यांची फार माया आली.

"राहू द्या वकीलसाब," मुख्याध्यापकांना हसू आवरेना. "घेत असता तर आमी यायच्या आधीच काढली असती की. पोरीला बोलवा."

लग्न झालं, सुमी सासरी गेली. आता दाजी कोर्टातून आले की आधी तिला फोन लावतात. "जेवलीस का?" एवढं विचारून झालं की दोघांकडे बोलायला काही नसतं. परवा ते बराच वेळ नुसतेच फोन कानाला लावून बसले होते.

"दाजी, फोन चालूच हाय की," मी म्हणालो.

"राहू दे," ते हळूच म्हणाले. "ती भांडी लावायलीय. आवाज यायलाय."