दोघांनी येणे आवश्यक

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "एवढे किस्से तुला सापडतात तरी कुठं?" अगं, सापडायला ते हरवलेत कुठं! मूकबधिर मुलांच्या शाळेत नोकरी कर, हातात एक फॉर्म घे आणि पालकांच्या दारात जाऊन "तुमच्या घरात कोण कोण असतं?" एवढंच विचार. पुढचं सगळं आपोआप होतं.

नामांतराची ती वर्षं. परभणीत आमची शाळा म्हणजे चार खोल्या, पुढं अंगण आणि मागं मुलांचं वसतिगृह. मुख्याध्यापक बोर्डे सर. त्यांचा जीव दोनच गोष्टींत, हजेरीचं रजिस्टर आणि अंगणातल्या गुलाबाच्या कुंड्या. फाटकावर रशीदमामा. आणि मी! पुण्याहून डिप्लोमा घेऊन आलेली, वय तेवीस, शंका एकही नाही.

कुटुंब म्हणजे काय, हे मला पाठ होतं. आई, वडील, मूल. मी तसा फॉर्म तयार केला, सायक्लोस्टाइल करून घेतला. वर एक नियमही सुचवला. दर दोन महिन्यांनी भरणाऱ्या पालकसभेला आई आणि वडील दोघांनी येणे आवश्यक. तीनदा गैरहजर राहिल्यास मुलाचं नाव कमी. बाहेर प्रवेशासाठी रांग होती, त्यामुळे सरांना नियम फारच आवडला. त्यांनी तो पाटीवर रंगवून फाटकाला लावला.

* * *

पहिली भेट सुट्टीत, गंगाखेडजवळच्या एका वस्तीवर. ऊसवाले बागायतदार, भरलेलं घर. मुलगा गोपाळ, वय सहा. मी ओसरीवर बसून विचारलं, "याच्याकडे लक्ष कोण देतं?"

"मी," आजोबा म्हणाले. "मी," काकू म्हणाली. असे एकूण अकरा 'मी' निघाले! फॉर्मवर रेघ एकच.

मी गोपाळच्या आईला समजावलं, "रोज दहा मिनिटं त्याला समोर बसवायचं, तोंडाकडे बघायला लावायचं आणि सावकाश बोलायचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. सुट्टी संपली, तरी गोपाळ शाळेत येईना. मग एक दिवस आजोबाच त्याला घेऊन आले. पोरगं पार सुकलेलं.

"बाई, तुमी सांगितलं तसंच करायलो की! दहा मिनटं मी, दहा मिनटं त्याची काकू, दहा मिनटं सालगडी..."

"मग?"

"मग काय! परवा उसात जाऊन लपला. निघंचना. शेवटी शाळेची पिशवी दावली, तवा भायेर आला!"

* * *

त्यानंतर पिंगळी. त्या दिवशी बंद होता, एसटी सुटेना, म्हणून रेल्वेनं गेले. घरी दोन बायका. मध्ये बालाजी नावाचा मुलगा. वडील शेतात.

"आईचं नाव?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, लाजतायत. मी जरा मोठ्यानं म्हटलं, "खरी आई कोण, तिचं नाव सांगा." आज ते वाक्य आठवलं तरी कानाची पाळी गरम होते.

थोरली सवत शांतपणे म्हणाली, "बाई, जनम हिनं दिला. त्याला ऐकू येत न्हाई, हे मी वळखलं. त्याच्या पाठीमागं पितळी पडली, समदं घर दचकलं, ह्यो आपला खेळायलाय. तवाच मी हिला म्हणलं, परभणीला चल. आता खरी कोण, ते तुमीच ल्ह्या."

मी दोन्ही नावं लिहिली. चौकोन लहान पडला, म्हणून दुसरं नाव वडिलांच्या चौकोनात घुसलं. सरांनी फॉर्म बघून विचारलं, "अहो, मग वडील कुठं लिहिणार?"

"शेतात आहेत," मी म्हणाले.

* * *

शहरातल्याच एका मुलीचे वडील लग्नाच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. आई नव्हती. दोघांनी येणे आवश्यक, तर हे आपले एकटेच येऊन पहिल्या रांगेत बसायचे आणि शेजारची खुर्ची रुमाल टाकून अडवून ठेवायचे! कोणी हरकत घेतली, की रुमालाकडे बोट.

एकदा मला फार भरून आलं. मी म्हटलं, "काय नशीब बघा. बाप वाजवणारा आणि लेकीला ऐकू येत नाही."

तो माणूस चक्क हसला. "बाई, वरातीत माझ्या ढोलाला हात लावून फकस्त हीच चालती. एक ठोका चुकला, की मान वर करून बघती. बाकीचे समदे पिऊन नाचायलेत, त्यांना काय कळतंय?"

* * *

आता सखू. आठ वर्षांची, मेंढपाळांची लेक. चुलत्यानं तिला आणून वसतिगृहात सोडलं होतं. पत्ता विचारला, तर म्हणाला, "सध्या गोदेकाठी. म्होरलं मेंढरांवर हाय." तो निघून गेला. मग मी सखूच्या पाठीमागं घंटा वाजवली, वळली नाही. "आ" म्हणायला लावलं, तर तिनं ओठ घट्ट मिटले. फॉर्मवर मी ठसठशीत लिहिलं, आवाज: नाही.

सहा महिने मी तिच्यावर घाम गाळला. मेणबत्ती फुंकून विझवायची, पीस उडवायचं, आरशात तोंड बघायचं. सगळं करायची, पण आवाज काढायचा म्हटलं, की ओठ घट्ट. रात्रंदिवस तीच माझ्या डोक्यात. आणि रजिस्टरात तिच्या नावापुढं पालकसभेच्या दोन फुल्या. आई नाही, वडील नाहीत. पत्रं टाकली, ती परत आली. गोदेकाठी म्हणजे काय पत्ता झाला!

"तिसरी फुली पडली, की नाव कमी," सर म्हणाले. "नियम तुमचाच आहे."

नियम माझाच होता. राग कोणावर काढणार? मग मी तो पालकांवर काढला. पोरीला आणून टाकलं आणि विसरले, असं मी स्टाफरूममध्ये चारचौघांत बोलले. आज त्याची लाज वाटते.

शेवटी गोपाळचे आजोबा आठवले. ऊस तुटला, की खतासाठी शेतात मेंढरं बसवायची त्या भागात पद्धत. मेंढपाळ कुठं उतरलेत, हे बागायतदाराला टपालखात्यापेक्षा जास्त माहीत! त्यांना निरोप धाडला, सखूचे आईवडील भेटले तर सांगा, येत्या शनिवारी सभा आहे, दोघांनी यायलाच पाहिजे.

शनिवार उजाडला. सभा सुरू झाली, सभा संपत आली. गोपाळकडचे सहा जण, पिंगळीच्या दोघी, ढोलवाले आणि त्यांचा रुमाल, सगळे हजर. सखूचं कोणी नाही. ती खिडकीपाशी उभी होती. सरांनी रजिस्टर उघडलं, पेनाचं टोपण काढलं. मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात बाहेर रशीदमामा ओरडला, "अरे थांबा! या अल्ला, सरांचे गुलाब!"

आम्ही सगळे अंगणात धावलो. अंगण दिसतच नव्हतं! नुसती मेंढरं. शंभराच्या वर. कुंड्या आडव्या, गुलाब तोंडात. मधोमध पागोटंवाला एक माणूस आणि डोक्यावर बोचकं घेतलेली एक बाई.

"हे काय?" सर किंचाळले.

"दोघं या म्हणलं ना सायेब," तो माणूस म्हणाला. "भाऊ मेंढरांची दुसरी खांड घिऊन लातूरकडं गेलाय. दोघं आलो, तर मेंढरांपाशी कोन? म्हणून समदीच घिऊन आलो. तीन दिस चालायलोय. गंगाखेडच्या त्या घरातल्या अकरा मानसांनी अकरा येळा सांगितलं, दोघं जावा, दोघं जावा!"

"मग आधीच्या दोन सभांना का नाही आलात?" मी आवाज चढवला.

त्यानं रशीदमामाकडे पाहिलं. बोलला रशीदमामा. "बाई, आले होते की. एकदा बाप आला, एकदा माय आली. पाटीवर दोघं लिहिलंय ना? तुमीच म्हणाल्या, ढोलवाल्याची गोष्ट येगळी, बाकी एकट्याला आत सोडू नको. फाटकातूनच पोरीला भेटून गेले बिचारे."

सर एकदा पाटीकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मेंढरं मात्र थांबायला तयार नव्हती. काही व्हरांड्यात चढली, एक ऑफिसात शिरलं. रशीदमामा टोपी उडवत पळतोय, गोपाळचे सहा जण सहा दिशांनी हाकलतायत, गोंधळ आणखी वाढतोय.

सखू माझ्या बाजूनं निघून गेली. आईकडे नाही, बापाकडे नाही. पायरीवर उभी राहिली, एक हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला, मान मागं टाकली आणि ओरडली.

"हुर्रर्रर्र!"

शंभर मेंढरांनी एकदम माना वळवल्या. ऑफिसातलं बाहेर आलं. सगळी खांड तिच्या पायरीपाशी येऊन गुमान उभी राहिली.

सरांच्या एका हातात रजिस्टर होतं, दुसऱ्या हातात उघडं पेन. मी सखूच्या बापाकडे वळले. म्हटलं, "हिला... हिला आवाज आहे?"

"हाय की," तो म्हणाला. "आमाला कुनी इचारलंच न्हाई."