खिशातलं सलाला

सलालाला पाऊल ठेवायच्या आधी दहा वर्षं मला सलाला पाठ होतं. बलीदचं जुनं बंदर, जिथून धुपाचा लुबान आणि घोडे जहाजांत चढायचे. मुगसैलच्या किनाऱ्यावरची खडकातली भोकं, ज्यांतून समुद्र माणसाच्या डोक्यावरून उंच उडतो. डोंगरावरची अय्यूब नबींची कबर. गावाच्या मधोमध असलेली दुसरी एक कबर, इतकी लांब की तिच्या कडेने चालत जावं लागतं. ताका गावचा किल्ला, मिरबातची जुनी घरं, रस्त्याकडेची शहाळ्यांची दुकानं. कुठून किती किलोमीटर आणि कोणत्या वेळी जावं, तेसुद्धा मला सांगता आलं असतं.

हे सगळं मला यजमानांनी पत्रांतून कळवलं होतं. ओमानच्या दक्षिण टोकाला, समुद्रावरच्या एका मोठ्या हॉटेलच्या लॉण्ड्रीत ते इस्त्रीच्या कामाला होते. मी सिंधुदुर्गातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोन वर्षांतून एकदा हे दोन महिने घरी यायचे आणि बाकीच्या काळात महिन्याला एक पत्र.

पत्रं मोठी गमतीची असत. दहावीला दोनदा गटांगळ्या खाल्लेला हा माणूस लिहायचा, 'मुगसैल येथे पर्यटकांनी अवश्य भेट द्यावी. पावसाळी दिवसांत लाटांचा जोर अधिक असल्याने हे दृश्य विलोभनीय असते.' नवरा बायकोला असं लिहितो का? पण मी मास्तरीण. शुद्धलेखन बरं आहे म्हणून खूश झाले. चौथीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला ती पत्रं मोठ्याने वाचून दाखवू लागले. पोरं कान टवकारून ऐकायची. मग मीच कळवलं, पोरांना फार आवडतं, आणखी लिहा.

घरी मात्र ती पत्रं वाचताना माझा जळफळाट व्हायचा. चौथ्या वर्षी सासऱ्यांच्या अंगावरून वारं गेलं. सकाळी त्यांचं अंग पुसायचं, त्यांना भरवायचं, मुलाला आवरायचं, सासूबाईंचं ऐकून घ्यायचं आणि मग अडीच मैल चालत शाळा गाठायची. संध्याकाळी दमून यावं तर दारात पत्र पडलेलं: डोंगरावरून खाली हिरवं मैदान कसं दिसतं, तिथे लोक कुटुंबासह कसे चटया अंथरून बसतात. वर शेवटी दोन ओळी, बाबांना वेळेवर औषध दे, घराच्या स्लॅबचं काम थांबवू नको. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि इथे तर उंटही खरे होते. मी मनातल्या मनात यांच्याशी रोज भांडत असे.

सातव्या वर्षी एक पत्र निराळं आलं. त्यात बंदर नव्हतं, कबर नव्हती. चारच ओळी, आणि त्याही आमच्या घरच्या मालवणीत. 'आता पुरे वाटता. बाबांची आठवण येता. घराक येव काय? तू सांग.'

मी त्याच रात्री उत्तर लिहिलं. अक्षर सुंदर काढलं. 'इथे येऊन काय करणार? इथे बघण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे आहे, ते नीट बघून घ्या. स्लॅब अर्धी आहे, ती पुरी होऊ द्या, मग बघू.' लिहिताना मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू? पुढच्या महिन्याचं पत्र पुन्हा पहिल्यासारखं आलं. ताका गावचा किल्ला, प्रवेशाची वेळ सकाळी अमुक ते अमुक.

त्याच्या पुढच्या वर्षी सासरे गेले. हे पोचले ते बाराव्याला.

नोकरीला दहा वर्षं झाली म्हणून हॉटेलने यांना एकदा बायकोला बोलावून घ्यायची परवानगी दिली. व्हिजिट व्हिसा, आणि हॉटेलच्या मागच्या आवारात आठ दिवसांसाठी एक खोली. मुलाला सासूबाईंजवळ ठेवलं, शाळेत रजा टाकली आणि निघाले. सोबत एक वही होती. जुन्या पत्रांतून काढून तिच्यात दहा ठिकाणांची यादी केली होती, प्रत्येकापुढे बरोबरच्या खुणेसाठी जागा सोडून. मला बघायचं होतं ते नेमकं काय आहे, ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं एकटीने रेटलं.

ऑगस्टचा महिना होता. अख्ख्या आखातात ऊन रणरणत असताना सलालात बुरबूर पाऊस आणि धुकं असतं. तो पाऊस बघायला दुबईहून, सौदीहून लोक गाड्या भरभरून येतात. ओल्या गवतावर बायकापोरांसह जेवायला बसतात आणि भिजले की हसतात. असल्या पावसात आम्ही छत्रीसुद्धा उघडत नाही. नारळाची झाडं, केळीच्या बागा, शेवाळलेले दगड. हजारो रुपयांचं विमान करून मी आमच्या मागल्या दारी येऊन पोचले होते.

पहिल्या दिवशी मी वही काढली. हे म्हणाले, "आज धुका खूप आसा गो. उद्या जाव, इन्शाल्ला." दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा इन्शाल्ला. इन्शाल्ला म्हणजे नाही, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. मी म्हटलं, "तुम्हाला माझी लाज वाटते का? की तिथे कुणी ओळखीचं भेटेल म्हणून भीती वाटते?" हो, तसलाही संशय येऊन गेला. दहा वर्षं एकटा माणूस, कुणाच्या मनात येणार नाही? हे माझ्या साडीच्या घड्या घालत बसले. घड्या मात्र अशा, की साडी दुकानात ठेवावी.

शुक्रवारी हॉटेलचा मल्याळी ड्रायव्हर आपण होऊन दारात आला. पाहुण्यांना विमानतळावर सोडून त्याची गाडी रिकामी झाली होती. "यल्ला, भाभीजी! मुगसैल चलते हैं." मी चप्पल घातली. मग यांना यावंच लागलं.

गाडी पश्चिमेकडे निघाली. अर्ध्या तासाच्या आत उजव्या हाताला पत्र्याच्या बैठ्या खोल्यांची रांग लागली, बाहेर दोऱ्यांवर कपडे. ड्रायव्हर म्हणाला, हा स्टाफचा कॅम्प, हे इथे राहतात. यांनी दुसऱ्या खिडकीकडे तोंड केलं. हॉटेलची बस सकाळी सहाला इथून माणसं उचलते, थेट लॉण्ड्रीच्या मागच्या दाराशी सोडते आणि संध्याकाळी तशीच परत आणते.

मुगसैलला उतरलो. मी यांच्या मागून चालू लागले, कारण पत्रात वाट नीट लिहिली होती: गुहेखालून डावीकडे, पायऱ्या उतरून. हे उजवीकडे निघाले. मी म्हटलं, "अहो, डावीकडे ना?" ते थांबले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "हां, हां, तीच वाट." पायऱ्या उतरून खडकावर आलो. खडकात लोखंडी जाळ्या बसवलेली भोकं होती. हे एका जाळीशी वाकून आत बघू लागले. मी सांगणार होते, तुम्हीच लिहिलं होतं ना, जवळ उभं राहू नये. तेवढ्यात खालून कुणीतरी घोरल्यासारखा आवाज आला आणि फसकन पाण्याचा खांब वर उसळला.

"आवशीचो घो!" हे किंचाळले आणि माझ्या अंगावर येऊन आदळले. दोघेही नखशिखान्त भिजलो. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, माझं मनगट घट्ट धरून, तोंड उघडं टाकून त्या भोकाकडे बघत होता. पुन्हा पाणी उडालं तेव्हा ते हसायला लागले. लग्नानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

मागून ड्रायव्हरही हसत आला. "भाभीजी, आज आपके कारण आया ये. दस साल से बोल रहा हूँ, चल, एक बार देख ले. कभी नहीं आया. कहीं भी नहीं गया, पूछो इसको. बलीद हॉटेल के बाजू में है, वो भी नहीं देखा." तो बिचारा गमतीने बोलत होता. यांचं हसू थांबलं.

गाडी परत निघाली. दया वगैरे काही आली नाही, आधी संताप आला. दहा वर्षं मला फसवलं, माझ्या वर्गातल्या पोरांना फसवलं. खोलीवर आल्यावर मी वही त्यांच्या पुढ्यात आपटली. "मग हे सगळं कुठून आलं?"

"दाखवतंय," म्हणाले आणि मला लॉण्ड्रीत घेऊन गेले. शुक्रवार दुपार, आत दोघेच कामाला होते. तरी दारातूनच वाफेचा झोत तोंडावर आला. खिडकी नाही. बाहेर समुद्र आहे याची खूणसुद्धा नाही. एका टेबलाशी थांबून ते सांगू लागले. पाहुण्यांचे कपडे आले की आधी खिसे तपासायचे. पेन राहिलं तर सगळ्या धुण्याची वाट. मौल्यवान वस्तू सुपरवायझरकडे द्यायची, कागद कचऱ्यात टाकायचे. त्या कागदांत पाहुण्यांना सलालात काय काय बघावं हे सांगणारे हॉटेलचे छापील कागद असत, चौघडी घातलेले, कधी भिजलेले. हे ते सुकवून, इस्त्री करून ठेवत. रात्री कॅम्पवर डिक्शनरी घेऊन बसत.

"पण कशाला?"

"दुसरा काय लिवतलंय? आज चादरी, काल चादरी, परवा चादरी? तूच लिवलंस मा, पोरांका आवाडता, आणखी धाड म्हणान."

"एक दिवस जाऊन यायला काय झालं होतं?"

"पयल्यांदा वाटलेला जाव. मगे म्हटलंय, तुका बोलवतलंय आणि दोघां मिळान बघू. मगे तशीच सवय झाली."

तिथल्या आपल्या कपाटातून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. कागद एकावर एक, कडक इस्त्रीचे. काहींवर पाहुण्यांनी पेनाने खुणा केलेल्या, बघून झालेल्या ठिकाणांवर. मी एकेक उचलत गेले. माझी दहाच्या दहा ठिकाणं तिथे होती, त्याच क्रमाने. तळाशी परदेशी टपालाचं निळं हवाईपत्र होतं. तेही इस्त्री केलेलं. अक्षर सुंदर होतं, म्हणून लगेच ओळखलं. 'इथे बघण्यासारखं काही नाही. तुमच्याकडे आहे, ते नीट बघून घ्या.'

यांनी ते पाहिलं आणि माझ्याकडे न बघता डब्याचं झाकण शोधू लागले. एकदा तरी म्हणाले असते, तुझ्यामुळे बाप बघायला मिळाला नाही, तर मी भांडले असते. उलटून चार शब्द मीही सुनावले असते. त्यांनी झाकण शोधून माझ्यापुढे धरलं. मी पत्र होतं तसं तळाशी ठेवलं.

उरलेले दिवस आम्ही कुठेही गेलो नाही. ड्रायव्हर दोनदा विचारून गेला. बलीद चालत जाण्याइतकं जवळ होतं, तरी माझी पावलं तिकडे वळली नाहीत. संध्याकाळी ड्यूटी सुटली की हे यायचे. खोलीच्या पायरीवर आम्ही बसायचो. वर बुरबूर पाऊस, हातात चहा. ते मुलाबद्दल विचारायचे, तो कितवीत आहे, त्याला कोणता विषय आवडतो. मी सांगायचे. गेल्या सुट्टीत ते घरी आले तेव्हा मुलाने त्यांना 'बसा' म्हटलं होतं, पाहुण्याला म्हणतात तसं. नंतर आम्ही त्यांना गावात फिरवलं होतं, नवा पूल, शाळेची नवी खोली, देवळाचा नवा मंडप. तेही त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी ते माझी बॅग भरत होते. मी धीर करून म्हटलं, "आता पुरे. या घरी. मी सांगते आहे, या."

साडीची घडी घालता घालता त्यांचा हात थांबला. मला वाटलं, हो म्हणतील. चार वर्षांपूर्वी याच एका वाक्याची वाट बघत होते.

"स्लॅब झाली मा?" त्यांनी विचारलं.

"तीन वर्षं झाली. तुम्हीच आलात की तिच्याखाली झोपून."

"हां." ते पुन्हा घडी घालू लागले. "पण रंग बाकी आसा. तो होवंदे. मगे बघू."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. टोमणा नव्हता. माझंच वाक्य होतं, ते त्यांनी इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि आता ते त्यांच्या उपयोगी पडलं होतं.

रंग त्याच दिवाळीला काढला आणि तसं कळवलं. उत्तरात पत्र आलं, बलीदच्या बंदरातून पूर्वी भारतात घोडे पाठवले जात. हे कायमचे घरी आले ते पाच वर्षांनी. तोवर रंगाला पोपडे धरले होते आणि तो पुन्हा काढायला झाला होता.