पट्टी जागेवर व्हती

माझी बाळंतपणं, माझी भांडणं, नवऱ्याच्या दम्यापायी झालेले हाल — सगळं मी गावाला सांगून बसलेय. पाचोऱ्याला लेकीच्या गल्लीत तर बाया म्हणतात, अक्कांच्या पोटात काही राहत नाही. राहतं. एक गोष्ट राहिलीय. नवऱ्याला सांगितली नाही, लेकीला नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा तिच्या बाजूने वळसा घालून गेले. आज तुम्हाला सांगते. तुम्ही कोण, मला माहीत नाही — तेच बरं.

तापीवर धरण झालं आणि पाणी मागे फुगत आमच्या शिवारापर्यंत आलं. पलीकडची गावं डोळ्यांसमोर, पण रस्त्याने जायचं तर मोठा फेरा. मग आमच्या ह्यांनी लोखंडी नाव घेतली आणि शेतातलं जुनं डिझेल इंजिन तिच्या पोटात बसवलं. हे सुकाणू धरायचे. इंजिन माझ्याकडे. मला कोणी शिकवलं नाही. मी मेकॅनिकच्या मागे उभी राहून बघितलं, दोनदा हात भाजून घेतला आणि शिकले. त्याचा फार ताठा होता मला. आता सांगायलाच बसलेय, तर ताठ्यापासूनच सांगते.

इंजिनातून धूर बाहेर काढणारा जो वाकडा तुकडा असतो, त्याला बेंड म्हणतात. आमचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा होता. एका उन्हाळ्यात तो तडकला. जळगाव पालथं घातलं, धुळ्याला माहेरी गेले तेव्हा तिथला भंगार बाजार पायाखाली घातला — ते इंजिन बनवणारी कंपनीच उरली नव्हती, तर भाग कुठून मिळणार? शेवटी बोदवडच्या सुकलालभाऊंकडे गेलो. वेल्डिंगचं छोटं दुकान. माणूस अबोल, पण बोलला की हसवून सोडायचा.

त्यांनी काय केलं, बघा. एक जुनी लग्नपत्रिका घेतली, इंजिनाच्या तेलकट तोंडावर दाबली. बोल्टांच्या भोकांचे काळे गोल तिच्यावर उमटले — वधूवरांच्या नावांवरच. त्या मापाने जाड पत्र्याची चकती कापली. मग बोअरच्या जुन्या पाईपचे तिरके काप घेतले, भाकरीचे तुकडे जुळवावेत तसे एकाला एक जोडून वाकडा बेंड तयार केला. पुढे सरळ पाईप, शेवटी ट्रॅक्टरचा सायलेन्सर. सगळं नावेत बसवलं आणि पाईपच्या मधोमध एक लोखंडी पट्टी टाकून तो नावेच्या काठाला टांगला.

मी पाईपभोवती गोणपाट गुंडाळलं आणि वरून चुलीला लावतो तसा माती, शेण आणि भुशाचा लेप दिला, म्हणजे वरच्या फळीवर बसणाऱ्या बायकांच्या पायांना चटका नको. सुकलालभाऊंनी लेपावरून हात फिरवला आणि म्हणाले, हे मले सुचलं नसतं. केवढी फुगले मी!

पण पट्टी वाजायची. इंजिन चालू झालं की टर्रर्र — बायकांच्या फळीखालीच. आणि तुम्हाला सांगते, त्या पाऊण तासाच्या फेरीत मी जगायची. कोणाची सून रुसली, कोणाच्या केळीवर करपा पडला, सगळं मला नावेतच कळायचं. आता शेजारणीचं बोलणंही ऐकू येईना. सुकलालभाऊ नावेत आले तेव्हा मी तक्रार केली, माझ्या धुळ्याच्या बोलीत: “भाऊ, बठ्ठा आवाज या पट्टीना शे.” म्हणजे सगळा आवाज ह्या पट्टीचाच.

ते म्हणाले, “अक्का, पट्टीचा आवाज बंद करता यीन. तुह्या तोंडाचा कसा करू?” सगळी नाव हसली. मीही. मग हसू आवरून त्यांनी मला बजावलं: “बाजाराच्या दिवशी टायरचा रबर आनतो, तो मधी घातला का गप बशीन. तवलोक पट्टीले हात नको लावू. पाईपाचा सारा भार तिच्यावर हाये. तिले काढलं तं भार माह्या टाक्यावर यीन, अन् टाका तो हादरा सोसनार नाही.”

टाका म्हणजे त्यांचं वेल्डिंग. कपडा शिवल्यासारखं बोलायचे ते त्याबद्दल.

बघा, मला हे कळलं नव्हतं असं नाही. नीट कळलं होतं. तरी दुसऱ्याच दिवशी मी दोन बोल्ट काढले आणि पट्टी माझ्या पत्र्याच्या डब्यात टाकली. किती शांत झालं! बायका म्हणाल्या, अक्कांनी बरी युक्ती काढली. बाजाराच्या दिवशी सुकलालभाऊ रबर घेऊन काठावर आले, नाव भरलेली होती, मी रबर हातात घेतला आणि म्हटलं, तुम्ही कशाला खाली उतरता, मी बसवते. त्यांनी विश्वासाने दिला. तोही डब्यात गेला.

पुढे महिनाभर काय झालं, ते सांगायला जीभ जड होते. बेंडाजवळचा माझा लेप रोज सकाळी तडकलेला असायचा. रोज त्याच जागी, केसाएवढी रेघ. चुलीची भेग लिंपतो ना आपण, तशी मी ओल्या हाताने ती लिंपून टाकायची. रोज. माती का फाटतेय, आत काय हलतंय — हे स्वतःला विचारायला काय झालं होतं मला? विचारलं असतं तर पट्टी लावावी लागली असती. आणि मग टर्रर्र.

त्या दुपारी मंगला होती फळीवर. पलीकडच्या गावची लेक, माहेराला निघालेली. काठ हाकेवर आला होता. ती मला जाऊबाईची गंमत सांगत होती आणि मी हसत होते — तेवढ्यात खालून काहीतरी कड् झालं, पाईप खचला, आणि इंजिनाची जळती वाफ आणि धूर सरळ तिच्या पिंडरीवर. तिची किंकाळी मी सांगणार नाही. मी इंजिन बंद केलं. लोकांनी तिला उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातलं, हेही बरोबर दवाखान्यात गेले. काठावर मी एकटी उरले. आणि नाव.

रडले असेन, असं वाटतं ना तुम्हाला? नाही रडले. मी डबा उघडला.

पट्टी काढली. रबर काढला. खचलेला पाईप खांद्याने उचलून धरला — अजून गरम होता — आणि दोन्ही बोल्ट पक्के आवळले. मग लक्षात आलं, रबर कोरा दिसतोय. महिनाभर धुराजवळ असलेला रबर कोरा कसा राहील? मी सायलेन्सरच्या तोंडातली काजळी बोटांवर घेतली, तेलात कालवली आणि रबराला चोळली. कडेकडेने, नीट. सणाला देव घासावेत इतक्या निगुतीने.

हे करताना माझा हात थरथरला नाही. हेच मला माझ्याबद्दल कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

दिवस मावळायच्या आत हे सुकलालभाऊंना घेऊन आले. ते गुडघ्यांवर बसले, लेप खरवडला, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं. पट्टीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“अक्का, पट्टी जागेवर व्हती ना?”

“व्हती,” मी म्हटलं.

एवढंच. एवढी बोलणारी बाई, आणि त्या दिवशी एकच शब्द बोलले.

ते उठले आणि ह्यांना म्हणाले, मंग माहाच टाका कच्चा. मंगलाच्या घरचे त्यांच्या दुकानावर गेले, भर रस्त्यात नाही नाही ते बोलले. ते मान खाली घालून उभे होते म्हणे. मंगलाची जखम भरायला सहा महिने लागले. पाय वाचला, पण जागा आजही काळी आहे. तीही आजवर सुकलाललाच बोल लावते. माझ्याकडे मात्र दिवाळीला फराळ पाठवायची — अक्कांनी वेळेवर इंजिन बंद केलं म्हणून.

सुकलालभाऊंनी त्यानंतर ट्रॉलीचं काम घेतलं नाही, पाळण्याचं घेतलं नाही, साधी खुर्ची जोडून दिली नाही. ज्याच्यावर माणूस बसेल ते नको, म्हणायचे. खिडक्यांचे गज आणि फाटकं, बस. वीस वर्षं. पुढे पूल झाला, नाव भंगारात गेली, आमचे हे गेले. मी प्रत्येक वेळी म्हणायची, आता सांगू. कोणाची भीती उरली होती मला? कोणाचीच नाही. तरी नाही सांगितलं.

गेल्या पौषात सुकलालभाऊ गेले. मी भेटायला बोदवडला गेले. केवळबाई, त्यांची बायको, आत गेल्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी घेऊन आल्या. तोच बेंड. म्हणाल्या, “तुमची वस्तू हाये, अक्का, घेऊन जा. हे सांजच्याले हातात घेऊन बसत. मी म्हने, काहून बघता घडीघडी? तं म्हनत, अक्का म्हनते पट्टी व्हती, म्हंजे व्हती. मंग माहा हात कुठी चुकला, तेच पाहतो.”

माझ्यासमोर चहा होता. मी तो प्यायले. पिशवीत बेंड घातला आणि चारच्या गाडीने परत आले. केवळबाईंनाही काही बोलले नाही.

आता तो माझ्या खाटेखाली आहे. परवा चष्मा लावून पाहिला. फाट वरून सुरू झालीय. वरून फाटतं ते खाली भार लोंबकळतो तेव्हाच — हे मला कळतं, तर त्यांना कळलं नसेल? ज्या माणसाने पत्रिकेवर भोकांचं माप घेतलं, त्याला? का दिसत असूनही रोज संध्याकाळी माझा शब्द वर ठेवला आणि स्वतःचा हात खाली? ते आता कोणाला विचारू?

सुकलालभाऊंचा टाका कच्चा नव्हता. पट्टी जागेवर नव्हती. ती माझ्या डब्यात होती.