एक डाऊट

बोईसरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो. आमच्या इंग्रजी शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर डोंगराकडच्या शाळेतल्या एका बाईंनी एकदा व्हॉइस मेसेज टाकला. ‘आय अ‍ॅम हॅविंग वन डाऊट’ ही सुरुवात ऐकूनच माझं टाळकं सरकलं. पुढचं न ऐकताच मी सगळ्यांसमोर त्यांचं वाक्य दुरुस्त केलं. त्यावर भराभर अंगठे आले. बाईंनी ‘थँक यू सर’ लिहिलं आणि पुन्हा ग्रुपवर कधी तोंड उघडलं नाही.

यंदा कोळगावच्या प्रशिक्षणात त्या भेटल्या. मी ओशाळून विचारलं, “बाई, तेव्हा तुमची शंका काय होती?”

“आता तिचा उपयोग नाय, सर,” त्या म्हणाल्या. “ज्या पोरांसाठी विचारत होते, ती पोरं शाळा सोडून गेली.”