बिनहाराचे चेहरे

घरातल्या माणसाचे कान तुम्ही शेवटचे कधी नीट पाहिलेत? आता उठून पाहायला जाऊ नका, संशय येईल. पण वरची कुडपण, उमरठ ही डोंगरातली गावं धरून आमच्या अख्ख्या पोलादपूर तालुक्यात माणसांचे कान निष्ठेने पाहणारा एकच गृहस्थ होऊन गेला आणि तो माझा सख्खा मामा, हे मी छातीठोकपणे सांगतो. होऊन गेला म्हणजे आहे अजून, सुखरूप आहे. फक्त हल्ली कान पाहत नाही.

मामाची पोलादपुरात पिठाची गिरणी. पन्नाशी उलटेपर्यंत त्याची पेन्सिल कानावर असायची, कागदावर क्वचितच. एकदा सकाळी लाईट गेली ती दुपारपर्यंत आली नाही. थांबलेल्या पट्ट्याकडे बघून कंटाळलेल्या मामाने पेपरात छापलेल्या एका पैलवानाचा फोटो समोर ठेवला आणि त्याचं तोंड काढलं. पैलवान बटाट्यासारखा आला. दुसऱ्या कुणी तिथेच नाद सोडला असता. मामाने दुसऱ्या दिवशी लाईट असताना गिरणी बंद ठेवून पैलवान परत काढला. या वेळी तो सोललेल्या बटाट्यासारखा आला, आणि मामाच्या मते ही प्रगती होती.

कागद माझे. मी तेव्हा महाडला कॉलेजात होतो आणि अन्याय दिसला की पत्रक छापत होतो. आमच्या घरात ती परंपराच. वडिलांनी मला मुळाक्षरं शिकवली तीच मुळी 'जाहीर निषेध'च्या ठळक टायपावरून. जनता पत्रकं हातात घेत नसल्यामुळे माझ्याकडे गठ्ठे उरत आणि मामा त्यांच्या कोऱ्या पाठीवर चेहरे काढी. कागद इतका पातळ की दरेक चेहऱ्याच्या कपाळावर उलटा 'निषेध' दिसे. मला ते योग्यच वाटे.

मामाचा नियम एकच होता, माणूस बघून काढायचा नाही, फोटो बघून काढायचा. दळण घेऊन आलेला माणूस पुढ्यात उभा असला तरी मामा त्याला फोटो आणायला घरी पाठवी. "अरे, मी हाय ना हितं!" असं तो म्हणाला की मामा समजावी, "तू हलतोस रे. फोटो हलत नाय." मात्र फोटोत कान धड दिसत नसत, म्हणून तेवढे तो प्रत्यक्ष पाहून घेई. पिठाने पांढरा झालेला एक मनुष्य आपल्या कानाभोवती चष्मा सरसावत फिरतो आहे, हे बायकांना फारसं आवडत नसे. "आवो, लोकांच्या बायकांच्या कुड्या काय बघता?" मामी विचारी. "कुड्या नाय गो, पाळी बघतोय," मामा म्हणे, आणि त्याने मामीचं समाधान होत नसे.

फोटो हुबेहूब उतरावा म्हणून कुणीतरी त्याला चौकटी आखायची युक्ती सांगितली. फोटोवर चौकटी आखायच्या, तशाच कागदावर आखायच्या आणि एकेक घर भरत जायचं. मामाने युक्ती मनापासून उचलली आणि लोकांच्या फोटोंवर बॉलपेनने चौकटी आखल्या. महाडचे उस्मानभाई ट्रकवाले यांनी कुवेतला गेलेल्या भावाचा एकुलता एक फोटो दिला होता. तो परत घेताना त्यांनी तो उजेडाकडे धरून आडवा-उभा पाहिला. मग म्हणाले, "मामा, खरं सांगा, माझा भाव कुवेतला हाय का जेलात?"

दात हे मामाचं दुसरं दैवत. हसणारा माणूस मिळाला की तो सगळे दात सुटे सुटे आणि सारख्या मापाचे काढी. त्यामुळे तालुक्यातली अनेक प्रतिष्ठित मंडळी मक्याच्या कणसासारखी हसू लागली.

इथवर लोकांनी सहन केलं. पण उमरठच्या दगडूआबाचं चित्र मामाला स्वतःला इतकं आवडलं की त्याने त्याला फ्रेम केली, काच बसवली आणि चित्र आबाच्या घरी नेऊन दिलं. आता आमच्याकडे फ्रेम करून एकट्याचं तोंड भिंतीवर लागतं ते कुणाचं, हे सांगायला नको. त्याच्यावर हार असतो, खाली उदबत्ती असते, आणि तो माणूस त्या घरात जेवायला नसतो. दगडूआबा जेवत होता. सुनेने चित्र पाहिलं आणि हंबरडा फोडला. आबा तिची समजूत काढत होता तोवर त्याला जुलाब सुरू झाले. आदल्या दिवशी त्याने एका लग्नात अर्धा फणस एकट्याने संपवला होता, पण फणसाला कोण विचारतो? "गिरणीवाल्याने काढला की माणूस जातो," ही बातमी खोऱ्यात पसरली आणि गिरणीतली दळणं आटली. आधी वरच्या गावांची गेली, मग बाजारपेठेतली. लोक तांदूळ डोक्यावर घेऊन मामाच्या दारावरून दुसऱ्या गिरणीत जाऊ लागले. जाताना बायका कानावर पदर घेत.

गिरणी गेली तर त्या घरात दुसरी मिळकत नव्हती. मामा पेन्सिल लपवून सुन्न बसला. माझं रक्त उसळलं. मी रातोरात 'अंधश्रद्धेला मूठमाती द्या!' असं पत्रक लिहिलं आणि गावोगाव वाटलं. माझं हे एकच पत्रक लोकांनी पूर्ण वाचलं. परिणाम असा झाला की ज्या वाड्यांना अफवा ठाऊक नव्हती त्यांना ती छापील मिळाली, आणि उरलेली चार दळणंही गेली.

मग मामी उठली. खरं तर अशा गोष्टी मानणारी तिच्याइतकी बाई दुसरी नव्हती. मांजर आडवं गेलं तर ती मांजराला परत पाठवून पुन्हा निघे. ती बाजाराच्या दिवशी गिरणीच्या ओट्यावर, भर रस्त्यात बसली आणि म्हणाली, "काढा मला."

मामा चाचरला. "फोटो कुठाय तुझा?"

"फोटो नाय. मी हाय. माझ्याकडं बघा."

बघ्यांची गर्दी झाली. मामाने चष्मा पुसला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोकडे एवढा वेळ पाहायची त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. "हलू नको गो," तो म्हणाला. "श्वास घेऊ का तोपन नको?" मामीने विचारलं. लोक हसले. थोड्या वेळाने मामा एकदम थांबला. "कानामागं हा तीळ कधी आला?"

"माहेरनं आणलाय. तुम्ही मोजून घेतला नाय."

चित्र झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. नाक जमलं नव्हतं. ते दगडूआबाचं होतं. पण तीळ अचूक होता. मामीने स्वतःच्या हाताने गिरणीत खिळा ठोकला, चित्र टांगलं आणि रस्त्याकडे तोंड करून ओरडली, "मी मेले तर दळण आणू नका. नाय मेले तर मुकाट्यानं आणा!"

लोक रोज काहीतरी निमित्त काढून मामी जिवंत आहे का ते बघायला येऊ लागले. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून पायलीभर तांदूळ आणत. मामी जिवंत होती आणि भांडत होती. काही दिवसांनी दगडूआबाही काठी टेकत उतरला. "माझ्या तोंडात तीन दात," तो मामाला म्हणाला, "तू बत्तीस काढलेस. बाकीचे दे आता." गिरणीचा पट्टा पुन्हा फिरू लागला.

आता घरोघरी दळणाच्या घरघंट्या आल्या. मामाची गिरणी एक दिवस आड चालते, आणि त्याचा हात इतका कापतो की चौकटीतली रेघ चौकटीत राहत नाही. मी गेलो की पट्ट्याच्या आवाजात तो माझ्या कानाशी येऊन विचारतो, "भाच्या, कुनी भिंतीला लावलंय काय रे मी काढलेलं चित्र?" मी आजवर खोटं बोललो. खरं हे की तुम्ही गावकऱ्यांनी ती चित्रं घेतलीत, नको म्हणाला नाहीत, पण ट्रंकेच्या तळाशी पालथी घातलीत. "वेळेला उपयोगी पडेल," असं तुम्हीच मला सांगितलंत.

म्हणून हे शेवटचं आवाहन, आणि या खेपेला मूठमाती वगैरे काही नाही. महाड-पोलादपूरच्या लोकांनो, ट्रंक उघडा. चित्र बाहेर काढा. ज्याचं आहे त्याच्याच हातून खिळा ठोकून घ्या. नाक दुसऱ्याचं असेल, कपाळावर निषेध असेल, असू द्या. हार मात्र घालू नका. आणि लावून झालं की गिरणीवर जाऊन मामाला तेवढं सांगून या. जरा मोठ्याने सांगा, पट्टा चालू असतो.